हरिबांचं कार्ड

१० जानेवारी १९९९

ही डायरी गेल्या वर्षाची आहे. खताच्या दुकानदाराने ह्यांच्या नावाने पाठवली होती. हे गेलेत हे त्याला कुणी सांगितलं नसावं. कोरीच पडून होती. वार जुळत नाहीत, तारखा जुळतात. मला तेवढं पुरे.

लिहायला श्रद्धाने लावलं. श्रद्धा ही ह्यांची पुतणी, इथेच सांगलीत विश्रामबागेत कॉम्प्युटरचा क्लास चालवते. म्हणाली, "काकू, कोणाचं भांडण कसं मिटवलंत ते लिहून ठेवत जा. आता लोक वाढणार."

लोक म्हणजे ह्यांच्या बुद्धिबळाच्या मंडळातले. हे साखर कारखान्याच्या काट्यावर कारकून होते. उसाच्या गाड्या नंबराला लागत, गाडीवान तासन्‌तास ताटकळत. तिथे जमिनीवर खडूने पट आखून बुद्धिबळ चाले. हंगाम संपला की माणसं आपापल्या गावी आणि डाव अर्धेच. म्हणून ह्यांनी कार्डावर चाली मागवायला सुरुवात केली. एका कार्डात एक चाल. आधी सप्रेम नमस्कार, मग पाऊसपाण्याची किंवा पिकाची एक ओळ, मग चाल. यातलं एक जरी नसलं तरी हे कार्ड परत पाठवत. तंटा झाला की पंच हे.

हे गेले तरी कार्डं याच पत्त्यावर येत राहिली, म्हणून पंच मी झाले. चौथीपर्यंत शिकले आहे. बाकीचं वाचन वाचनालयाच्या पुस्तकांवर आणि वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर केलं. खेळ ह्यांच्यासमोर बसून बघून बघून आला. चांगला नाही, पण खोटी चाल ओळखता येते.

दिवाळीत श्रद्धाने मंडळाचा इंटरनेटवर गट काढला. तेव्हा वाटलं, दोनचार जण येतील.

४ फेब्रुवारी

शंभरावर गेले म्हणे. पुण्याचे, नाशिकचे, अमेरिकेतले. कुणाच्या आजोबांनी देशी पद्धत शिकवलेली, कुणी कराडच्या कॉलेजातला. धवल नावाचा त्या कॉलेजातला एकजण रोज चार जणांना घेऊन येतो.

माझी पद्धत अशी. लोक लिहितात ते आधी श्रद्धाकडे येतं. ती छापून संध्याकाळी घरी आणते. इंग्रजी अक्षरांत मराठी असते, ती मोठ्याने वाचते. चालेल त्यावर मी लाल पेन्सिलीने बरोबरची खूण करते, नको त्यावर फुली. खूण केलेलं ती सगळ्यांना सोडते. जुन्या कार्डवाल्यांना महिन्यातून एकदा सगळं छापून टपालाने पाठवते.

आज न्यूजर्सीच्या एका गृहस्थाने विचारलं, "हे नमस्कार-चमत्कार कशाला? नुसती चाल दिली तर बिघडलं कुठे?"

श्रद्धा म्हणाली, "काय लिहू?"

"लिही, तिकडे पाऊस आहे का विचारलंय."

त्यांनी लिहिलं, बर्फ आहे. मग चाल दिली. मी खूण केली.

२१ फेब्रुवारी

बुर्जीवरून तंटा. देशी पद्धतीत समोरच्याची सगळी मोहरी मारून राजा एकटा उरला, की ती बुर्जी. तो अर्धाच डाव. मात द्यायची तर त्याच्याकडे काहीतरी शिल्लक असताना द्यायची, आणि प्याद्याने दिली तर सगळ्यात मोठी. हे म्हणत, दुसऱ्याच्या घरात एक तरी माणूस ठेवावा.

न्यूजर्सीवाल्यांनी एकाला पार सोलून काढलं आणि पुरा डाव मागितला. मी अर्धा दिला. ते चिडले. म्हणाले, जगात असा नियम कुठे नाही. मी लिहायला सांगितलं, जगात नसेल, मंडळात आहे.

धवलने खाली लिहिलं, "पंचकाका कडक आहेत." श्रद्धा हसत सुटली. गटावर माझं नाव नाही, नुसतं 'पंच' आहे.

९ मार्च

त्या डावाचं लिहायला हवं.

कोपऱ्यातल्या तिवईवर पट मांडलेला आहे, वर क्रोशाचा रुमाल. ह्यांचा आणि हरिबांचा शेवटचा डाव. हरिबा कराडजवळ नदीकाठच्या गावचे. ऊस घेऊन येत तेव्हापासूनची ह्यांची जोडी. ह्यांना भाऊसाहेब म्हणत, मला वैनी.

मिरजेच्या दवाखान्यात ह्यांनी शेवटची चाल सांगितली. अंगात ताप होता. म्हणाले, "लिही. घोडा वजिराच्या पुढं." मी लिहिलं, कार्ड खालच्या पेटीत टाकून आले. संध्याकाळी सगळं संपलं. श्रावण होता.

मंडळाचा नियम असा की माणूस गेला तर त्याचा डाव घरच्या कुणी पुरा करायचा. म्हणून ह्यांच्या बाजूने मी खेळते. हे जिंकत आलेले होते. ह्यांची मोहरी जास्त, हरिबांकडे एक हत्ती आणि थोडी प्यादी. माझ्या हातून ह्यांची मांडणी मोडायला नको, म्हणून मी कडेचा हत्ती एकदा एक घर पुढे नेते, पुढच्या खेपेला मागे आणते.

हरिबा मात्र नुसता वेळ काढतात. राजा एक घर डावीकडे, मग एक घर उजवीकडे. महिन्याला एक कार्ड. गेल्या श्रावणात तर तेही नाही. हरायला आलेला माणूस असंच करतो. ह्यांच्या जिवाभावाचा माणूस, म्हणून बोलत नाही.

१८ एप्रिल

आता कुणाचं नाव लक्षात राहत नाही. पूर्वी कार्ड हातात घेतलं की अक्षरावरून माणूस कळायचा. हरिबांची वेलांटी, विट्याच्या सयाजींची मोठाली शून्यं. आता सगळ्यांचं अक्षर एकच.

भांडणंही तशीच. हरलेला म्हणतो, समोरचा कॉम्प्युटरला विचारून खेळतो. जिंकलेला म्हणतो, म्हाताऱ्यांनी गोट्या खेळाव्यात. आज खुणा थोड्या आणि फुल्या जास्त झाल्या. श्रद्धाला परतायला उशीर होतो, तिची सासू बोलते.

"काकू, फुल्या मारलेले लोक म्हणतात, पंच मराठी शाळेतले मास्तर आहेत."

"चौथी पास मास्तर म्हणून सांग."

२३ मे

धवल घरी आला. श्रद्धाकडून पत्ता काढला म्हणे. सोबत एक मित्र आणि कंदी पेढ्यांचा पुडा. दारात मला बघून म्हणाला, "पंच आहेत का?"

"मीच."

तो मित्राकडे बघायला लागला. मित्र म्हणाला, "पैज हरलास. सामोसे दे." मग दोघांनी वाकून नमस्कार केला. चहा दिला. मुलगा चांगला आहे. आजोबांनी शिकवलं म्हणाला. आजोबा गेल्यावर देशी पद्धतीने खेळायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून गटात एवढी माणसं आणतो.

तिवईवरचा रुमाल उचलून मी पट दाखवला. तो वाकून बराच वेळ बघत राहिला. चहा गार झाला.

"चाल कुणाची?"

"हरिबांची. पांढरी त्यांची."

"कधीपासून असं आहे?"

"हे गेले तेव्हापासून. ह्यांनी घोडा घातला आणि हरिबा अडकले बघ."

त्याने माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलणार होता. मग म्हणाला, "हो काकू. भारी आहे." आणि रुमाल स्वतःच नीट टाकला. जाताना विचारलं, "हरिबा खेळायला कसे आहेत?"

म्हटलं, "पूर्वी बरे होते."

२७ जून

व्हायचं ते झालं. न्यूजर्सीच्या गृहस्थांनी सगळ्यांसमोर लिहिलं, "लोक महिना महिना चाल देत नाहीत आणि समोरच्याने वाट बघायची? पंचांच्या घरचाच डाव दोन वर्षं हलत नाही म्हणतात. मग बाकीच्यांना शिस्त कोण लावणार?"

श्रद्धा म्हणाली, "फुली मारा."

मला मारता येईना. माझ्यावरचं बोलणं मीच दाबलं असं झालं असतं. हे काट्यावर असताना माझ्या सख्ख्या भावाची गाडी आली होती. वजन कमी भरलं, भावाने तोंड वाकडं केलं, ह्यांनी आकडा बदलला नाही. म्हणाले, काट्याला सोयरा नसतो. भाऊ तीन दिवाळ्या आला नाही.

मी खूण केली.

५ जुलै

नियम केला. चाल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत उत्तर निघालं पाहिजे, नाहीतर डाव गेला. कार्डवाल्यांना टपालाचे आठ दिवस जादा. सगळ्यांना कार्डं लिहिली. हरिबांनाही तेच लिहिलं, एक अक्षर कमी-जास्त नाही.

३० जुलै

हरिबांचं कार्ड. "सप्रेम नमस्कार. नदी पात्राभायेर हाय, उसाची आडसाली लावण तरली. नेम कळला, चांगला हाय. राजा एक घर डावीकडं."

मी आठवड्याने उत्तर टाकलं. हत्ती एक घर मागे.

१६ ऑगस्ट

नागपंचमी. ह्यांचं श्राद्ध पुढच्या आठवड्यात. तांदूळ निवडून ठेवले. ह्यांना घेवड्याची भाजी आवडत नसे, तरी गुरुजी घेवडाच सांगतात. मी या वेळी वांगं करणार आहे.

३१ ऑगस्ट

मुदत काल संपली. टपालाचे दिवसही धरले, शिवाय एक दिवस वर धरला. कार्ड नाही.

श्रद्धा म्हणाली, "काकू, हरिबांना फोन लावू? गावात पंचायतीत आहे."

"न्यूजर्सीवाल्यांशी खेळणाऱ्याचा डाव मुदतीवर गेला, तेव्हा त्याला लावला होता का?"

मी सांगितलं ते तिने लिहिलं. पंचांचा निकाल: मुदतीत चाल न आल्याने हरिबांचा डाव गेला. भाऊसाहेब जिंकले.

न्यूजर्सीहून लगेच आलं, "पंचांना मानलं." आणखी बऱ्याच जणांनी लिहिलं. वाचून बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. हे असते तर त्यांनीही हेच केलं असतं.

पट मात्र उचलवेना. नंतर उचलीन.

३ सप्टेंबर

धवलचं आलं. श्रद्धाने दोनदा वाचलं. तसंच उतरवून ठेवते.

"सप्रेम नमस्कार. कराडला उघडीप आहे. पंचकाकूंचा निकाल नियमाला धरून आहे. पण हरिबा हरत होते असं कुणी समजू नये, ते अन्यायाचं होईल. मी तो पट बघितला आहे. पांढऱ्याने हत्ती शेवटच्या रांगेत नेला की काळा राजा कोपऱ्यात जातो आणि पुढच्या चालीला प्याद्याने मात. काळा घोडा वजिरापुढे आला तेव्हापासून ही मात तिथे आहे. ती चाल चुकली होती."

मी रुमाल काढला आणि हत्ती नेऊन बघितला. मग राजा. मग प्यादं. खरं आहे. दोन वर्षं मी रोज या पटावरची धूळ पुसते.

श्रद्धा म्हणाली, "हे नको सोडायला."

"का? खरं आहे ना?"

"खरं आहे, पण काकांची चूक..."

"चूक तर चूक. हरिबांना दिसली नाही, त्यांचं वय झालं. पण ते हरत नव्हते हे लोकांना कळायला पाहिजे. त्यांना डाव देता येत नाही, निदान एवढं तरी."

खूण केली. कार्डवाल्यांची पाकिटं उद्या निघायची आहेत, त्यातही घालायला सांगितलं.

६ सप्टेंबर

एकाने लिहिलंय, "दोन वर्षं समोर मात आणि म्हातारा झोपलाय!" दुसरा म्हणतो, "संस्थापकच असे खेळत होते तर मंडळाचं काय." दोन्हींवर फुली मारली. पण मूळचं गेलंच आहे.

"परत बोलावता येतं का?"

"नाही काकू. सगळ्यांच्या घरी पोचलं."

शेवटचं कार्ड माझ्या हातचं होतं. ह्यांनी सांगितलं तसंच लिहिलं होतं का मी? तसंच लिहिलं होतं. तोंडाशी कान नेऊन ऐकलं होतं.

हरिबांना जाऊन भेटायला हवं. म्हाताऱ्या माणसाला लोक हसतात, त्याला कारण मी.

११ सप्टेंबर

काल जाऊन आले. कराडपर्यंत यष्टी, पुढे वडापची जीप. घर विचारावं लागलं नाही. बनुबाई, हरिबांची मालकीण, ओसरीवर शेंगा फोडत होत्या.

"आवं, ह्या कोन? वैनी न्हवं? आवं, उठा, सांगलीच्या वैनी आल्यात."

हरिबा गोठ्यातून आले. वाळलेत, पण काठी नाही. डोळे चांगले आहेत, मला लांबूनच ओळखलं. ओसरीवर एक लोखंडी पेटी होती. तिच्या झाकणावर चौकोनी डाग दिसत होता, बराच काळ काहीतरी ठेवलेलं उचलल्यासारखा.

"हितं हुता पट," बनुबाई म्हणाल्या. "दोन वर्सं पाव्हन्याला पेटीवर बसू दिलं न्हाई. आन् खेळायचं काय, तर ह्यो राजा हिकडं, ह्यो राजा तिकडं. मी म्हनायची, त्या राजाला एक बैल तरी घिऊन द्या, नांगरून तरी हुईल."

हरिबा हसले. मी म्हटलं, "हरिबा, मुदतीत कार्ड आलं नाही."

"न्हाई आलं."

बनुबाईच बोलल्या. "श्रावनात ह्ये पटाला हात लावत न्हाईत, वैनी. भाऊसाब गेल्यापास्नं. आमच्यात भावाचं पाळत्यात तसं."

मला ते ठाऊक नव्हतं. मी गेल्या वर्षी आळस समजले होते. म्हटलं, "मग कळवायचं होतं. नियम केला तेव्हा लिहायचं."

"काय लिवायचं? माज्यापुरता नेम मोडा म्हनून? भाऊसाबांच्या मंडळात?"

मग मी ज्यासाठी गेले होते ते बोलले. म्हटलं, "तुम्हाला मात दिसली नाही हे लोकांनी..."

"दिसली की." त्यांनी एक शेंग फोडली, दाणे माझ्यासमोर ठेवले. "कार्ड आलं त्याच दिशी दिसली. भाऊसाब शुद्धीत असते तर घोडा तिथं घातला नसता. तीस वर्सं खेळलोय त्यांच्यासंगं. मी बनूला म्हनलं, मानूस ठीक न्हाई. दुसऱ्या दिशी सांगावा आला."

"मग मात दिली का नाही?"

"तापातल्या चालीवर?"

त्यांनी दुसरी शेंग घेतली. ते म्हणाले, "तुमी बी हत्ती पुढं-मागं करत हुता. मला वाटलं, वैनींना बी कळलंय. दोगं मिळून ठिवलाय त्यो डाव."

"मला ठाऊक नव्हतं."

"ठाऊक नव्हतं म्हनून तर बरं चाललं हुतं."

मी विचारलं, निकाल मागे घेते, पट पुन्हा मांडता का. त्यांनी मान हलवली. "पंचानं दिल्याला निकाल पंचानं फिरवायचा न्हाई. भाऊसाबांचाच नेम हाय. आन् हरलो त्येचं काय न्हाई वो. भाऊसाबांच्या नावावर जिकनं लागलं, लय झ्याक झालं. मी म्हनलं, सुटलो." मग पेटीकडे बघत म्हणाले, "पर त्या पोरानं लिवल्यालं तुमी सगळ्यास्नी कशाला पाठीवलं?"

"खरं होतं म्हणून."

"खरं हुतंच की. मला बी ठाऊक हुतं."

बनुबाईंनी चहा केला. निघताना पिशवीत शेंगा आणि गुळाची ढेप घातली. हरिबा जीपपर्यंत आले, ड्रायव्हरला सांगितलं, "वैनींना म्होरं बसीव."

वाटेत जीपमध्ये माझ्या डोळ्यांपुढे पेटीवरचा तो डागच राहिला.

१५ सप्टेंबर

गणपती बसले. दीड दिवसाचा, काल पोचवला.

धवल आला होता. दारातच उभा. "काकू, मी हरिबांच्या बाजूने लिहिलं होतं."

"माहीत आहे."

"मे महिन्यातच दिसलं होतं मला. तेव्हा बोललो नाही. तुम्ही इतक्या खुशीत दाखवत होता. मग निकाल लागला आणि मला वाटलं, हे बरोबर नाही."

"तू लिहिलंस. सोडलं मी. तुझ्यापाशी फुली नव्हती, माझ्यापाशी होती."

पेढा दिला त्याला. गट आता त्याने चालवावा असं सांगितलं. लोकांना एकमेकांसमोर बसल्यासारखं लगेच खेळायचं आहे, मुदत मिनिटांची, बुर्जी नको, नमस्कार नको. त्याने विचारलं, "तुम्हाला चालेल?" मी म्हटलं, मला विचारायचं कारण नाही. कार्डवाले उरलेत त्यांचं मी बघेन. उरलेत थोडेच. सयाजींनी मंडळ सोडल्याचं कळवलं आहे, कारण लिहिलेलं नाही.

२९ सप्टेंबर

पट अजून उचललेला नाही. घोडा मागे आणून ठेवला आहे, तापाच्या आधी होता तिथे. रोज दुपारी बसून बघते. हे बरे असते तर काय खेळले असते? प्यादं पुढे लोटून बघितलं. वजीर बाजूला घेऊन बघितला. प्रत्येक वेळी हरिबांच्या बाजूने काहीतरी निघतंच. ह्यांना नक्की सुचलं असतं. मला सापडत नाही.

आज हरिबांना कार्ड लिहिलं. सप्रेम नमस्कार. इकडे उघडीप आहे, बनुबाईंच्या शेंगा भाजून खाल्ल्या. चालीच्या जागी विचारलं, भाऊसाहेब शुद्धीत असते तर त्यांनी घोड्याऐवजी काय खेळलं असतं?

स्वतः जाऊन पेटीत टाकून आले. हरिबांचं उत्तर महिन्याने येतं. या वेळी मुदत घातलेली नाही.